नानानं केलेले पिवळे हात

आमच्या घरात खरं बोलणारं माणूस एकच होतं, आणि डॉक्टरांनी गोळ्या नेमक्या त्यालाच लावल्या होत्या. बाकी आम्ही सगळे ठणठणीत आणि सगळे थापाडे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, जवळा बाजार गावच्या एका आठवडी बाजारात तीन हात लांबीचा साप सांगायला घेतला आणि बाजार उठेपर्यंत तो बैलगाडीवरचं ओझं आवळायच्या सोलदोराएवढा केला; संध्याकाळी तो साप घरी पोचला तेव्हा त्याला मिशा फुटल्या होत्या. माय थापा मारत नसे, पण सरळ बोलणं तिला कमीपणाचं वाटे. तिच्या तोंडून निघणाऱ्या प्रत्येक शब्दाला आधी म्हणीचं लुगडं नेसवलेलं असायचं. मी या दोघांची एकुलती एक लेक. तेव्हा माझ्याकडून कसली अपेक्षा ठेवायची ते तुमचं तुम्ही ठरवा. एवढंच सांगते, की या हकिकतीत जे अगदीच अशक्य वाटेल ते खरं आहे, आणि जे साधंसुधं वाटेल तिथं मी चिमूटभर मीठ टाकलेलं आहे.

ते खरं बोलणारं माणूस म्हणजे नाना, अण्णांचा धाकटा भाऊ रंगनाथ. अण्णांना आम्ही अहोजाहो करायचो, नानाला अरेतुरे. तो घरातल्या सगळ्यांच्याच वाट्याला लेकरासारखा आलेला होता, आणि अंगानं मात्र असा की पन्नास किलोचं पोतं उशीसारखं काखेत घेऊन चालायचा. विशीत त्याला आवाज ऐकू यायला लागले. कुणी नसताना कुणीतरी त्याला नावं ठेवायचं, हुकूम सोडायचं. अण्णांनी गावोगावचे उपाय करून पाहिले, आणि शेवटी नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. एसटी गावात येईपर्यंत अण्णांनी त्याचं 'शिजोफेनिया' केलं होतं. आम्ही हळदवाले. अण्णांनी गावाला समजावून दिलं, की हळद काहिलीत जास्त वेळ राहिली की जशी गळते, तसं डोकं जास्त शिजलं की शिजोफेनिया होतो. नाना शेजारीच बसला होता. त्यानं स्वतःच्या डोक्याला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "थंड हाय की."

गोळ्यांनी आणि महिन्याच्या इंजेक्शनानं ते आवाज लांब गेले, दोन गावं पलीकडच्या भोंग्याएवढे. राहिली ती ही दुसरी गोष्ट. नानाला वाकडं बोलणं कळायचं नाही. शब्द जसा आला तसा तो घ्यायचा. मायनं जाता जाता म्हणावं, नाना, जरा कालवणावर डोळा ठेव, आणि नानानं येसराच्या उकळत्या आमटीवर खरोखर डोळा धरावा. त्या दिवशी तो डोळा एवढा सुजला की आठ दिवस घरात एक माणूस जास्त आहे असं वाटत होतं. एकदा अण्णा एका सालगड्याबद्दल तावातावानं सांगत होते, की लेकाचा हातावर तुरी देऊन पळाला. नानानं अण्णांचे हात उलटेपालटे करून पाहिले, मग घरभर शोधलं, आणि म्हणाला, "दादा, कुठं ठेवल्या? निवडायच्या असतील." अण्णा हसून हसून उंबऱ्यावर आडवे झाले. नानाही हसला. का हसायचं ते त्याला कळलं नव्हतं, पण दादा हसतोय म्हणजे काहीतरी चांगलं झालं असणार, एवढा त्याचा हिशेब पक्का होता.

सगळंच मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. एका सकाळी माय शेजारणीला दबक्या आवाजात काही सांगता सांगता म्हणाली, हळू बोल गं, भिंतीला कान असतात. आता ज्या माणसाला आधीच कुणीतरी आपलं बोलणं चोरून ऐकतंय असं वाटतं, त्याच्यासमोर हे वाक्य टाकायचं म्हणजे काय, हे तिला कुठून कळणार. दुपारी आम्ही वावरातून आलो तर नाना घामाघूम झालेला, आणि मधल्या घराची भिंत कमरेपर्यंत खरवडलेली. तो त्या भिंतीत कान शोधत होता. त्याची बोटं रक्ताळली होती. मायनं त्याचे हात धुतले, हळद भरली, आणि तीन दिवस ती भिंत एकटीनं लिंपून काढली. चौथ्या दिवशी घरात कायदा झाला: नानासमोर सरळ बोलायचं.

अण्णांना सरळ बोलायला लावणं म्हणजे मोराला नांगराला जुंपणं. दिवसभर बिचारे जीभ दाबून धरायचे, आणि अगदीच असह्य झालं की गोठ्यामागं जाऊन म्हशीला दहा-पाच म्हणी सुनावून यायचे. त्या वर्षी म्हैस दुधाला कमी झाली ती त्यामुळंच, असं माझं आजही मत आहे. माय निम्मं वाक्य बोलून थांबायची आणि माझ्याकडं बघायची. मग मी ते नानासाठी सोपं करून सांगायचे. 'त्याच्या नादी लागू नको' म्हणजे, नाना, त्याच्याशी बोलू नको. 'पाय मोकळे करून ये' म्हणजे, नाना, विहारापर्यंत चालून ये. मराठीतून मराठीत भाषांतर करणारी सबंध जिल्ह्यात मी एकटीच दुभाषी होते, आणि ती नोकरी मी सात-आठ वर्षांची असल्यापासून बिनपगारी केली.

इंजेक्शनाला दर महिन्याला मीच नानाबरोबर जायची, कारण डॉक्टरांचंही भाषांतर लागायचं. डॉक्टर भला माणूस, पण त्यांची एक तपासणीची रीत होती: म्हणीचा अर्थ विचारायचे. एका खेपेला अण्णाही आले होते. डॉक्टरांनी विचारलं, नाचता येईना अंगण वाकडं म्हणजे काय? नाना नीट विचार करून म्हणाला, "कुणाचं अंगण? आमचं वाकडं न्हाई. पाणी जावं म्हणून उतार दिलाय." अण्णांना हे सहन होईना. त्यांनी त्या म्हणीचा अर्थ सांगितला, पाठोपाठ आणखी चार म्हणी न विचारता सांगितल्या, आणि त्यांतल्या एकीचा जन्म आमच्याच वावरात कसा झाला हेही सांगायला घेतलं. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं. मग मला म्हणाले, बाळ, एका वाक्याचे दोन अर्थ दारात येऊन उभे राहिले की तू पटकन एकाला आत घेतेस आणि दुसऱ्याला वाटेला लावतेस. तुझ्या काकांना कुणाला आत घ्यायचं ते ठरवता येत नाही. नानानं वळून दाराकडं पाहिलं. "कुणीच न्हाई तिथं," तो म्हणाला. मी म्हणाले, "नाना, डॉक्टर म्हणतेत, तुला फिरवून बोललेलं लवकर कळत न्हाई." नाना म्हणाला, "व्हय, हे बराबर हाय." तिथं एक सिस्टर इंजेक्शन भरत उभी होती. तिनं मला जवळ बोलावलं, बारावीला कधी आहेस विचारलं, आणि म्हणाली, बारावी झाली की नर्सिंगचा फॉर्म भर, असं बोलता येणारं माणूस आम्हाला वॉर्डात पाहिजे असतं. तिच्या पांढऱ्या बुटांकडं बघत मी मान हलवली. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

आता या वयात, एवढी वर्षं सिस्टर म्हणून वॉर्डात उभं राहिल्यावर, थोडं शहाणपणाचं सांगू शकते. हा आजार असलेल्या प्रत्येकाचं असंच असतं असं नाही. काहींना म्हणी तुमच्याआमच्यापेक्षा चांगल्या कळतात. काहींना साध्या वाक्यातही सतरा अर्थ दिसतात. नानाचंसुद्धा बऱ्या दिवसांत बरंच जमायचं. 'पोटात कावळे ओरडतात' हे तो शिकला होता, कारण माणसाच्या पोटात कावळा मावत नाही हे उघडच आहे. म्हणजे दादाला काहीतरी वेगळं म्हणायचं असणार. त्याची खरी फसगत व्हायची ती अशा बोलण्यात, जे शब्दाला धरूनही खरं असू शकतं. आणि आमच्या मुलखात असं बोलणं एक होतंच, जे दर वर्षी अक्षरशः खरं होत होतं.

आमच्याकडं हळद शिजवून, वाळवून झाली की तिला पॉलिश करायचं काम असतं. लोखंडी जाळीचं मोठं पिंप, दोन्ही बाजूंना दांडे. आत वाळलेली हळकुंडं भरायची आणि दोघांनी दोन बाजूंनी फिरवायचं. त्याचा खडखडाट असा की त्या महिन्यात आमच्या गल्लीत कुणाचं भांडण झालं तरी ते हातवाऱ्यांनी करावं लागे. आणि पिवळा धुरळा! भुवया पिवळ्या, भाकरी पिवळी, चहाही पिवळा. आमची पांढरी शेळी त्या दिवसांत बाजारात नेली तर लोक तिला शेळी मानायला तयार होत नसत. दुपारी पिंप थांबलं की कान सुन्न व्हायचे, आणि त्या शांततेत माय धपाटे आणि दही घेऊन यायची. नाना बसल्या बैठकीला अकरा धपाटे खायचा. (खरे सात. पण मी अण्णांची लेक आहे.)

बारावीची परीक्षा देऊन मी घरी आले होते. पिंपाजवळ अण्णा, नाना आणि मी, आणि कामाला आलेली दोघं. अण्णांनी घाम पुसत माझ्याकडं पाहिलं, मग नानाकडं, आणि खुशीत म्हणाले, "रंगनाथ, यंदा संगीचे हात पिवळे करून टाकू."

माझं नाव संघमित्रा. एवढं लांब नाव घ्यायला गावात कुणाला सवड नव्हती, म्हणून संगी. हात पिवळे करायचे म्हणजे लग्न लावून द्यायचं, हे मला सांगायला नको. खरं तर आमच्यात लग्न विहारात, साधं. हळद लावावी का लावू नये यावर दर लग्नात पंचमंडळींचा वाद व्हायचा, आणि अण्णा म्हणायचे, लग्नातली सोडतो, वावरातली कशी सोडू? पण बोलण्यातली हळद कुणीच सोडली नव्हती. भाषांतर करणं माझं काम होतं; नाना सवयीनं माझ्याकडं बघत होता, की ही आता सोपं करून सांगेल. ते एक वाक्य मी नानासाठी सोपं केलं नाही. मोठ्यानं उच्चारलं तर ते खरं होईल असं काहीतरी वाटलं असणार. नानानं थोडा वेळ वाट पाहिली, मग म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कामाला आलेल्या दोघांच्या देखत, त्यानं मला पिंपाजवळ बसवलं. तळाशी साचलेला हळदीचा भुगा घेतला, त्यात पाणी घातलं, आणि माझे दोन्ही हात बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत माखून काढले. भिंत लिंपावी तसे, मन लावून. नखांच्या कडासुद्धा सोडल्या नाहीत. काम संपल्यावर दोन पावलं मागं सरून त्यानं ते बघितले आणि समाधानानं म्हणाला, "झाले. दादाला सांग." मी जी हसत सुटले ती माय लाटणं घेऊन बाहेर येईपर्यंत. माझ्या नव्या पोलक्याच्या बाह्या गेल्या होत्या, त्यावरून मायनं आम्हा दोघांचा सरळ भाषेत उद्धार केला. तरीही मी नानाला खरा अर्थ सांगितला नाही. सांगितला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, म्हणून माझ्या त्या आळशीपणाचे मी आजही आभार मानते.

महिन्याभरानं माझा मावसा पुसेगावचं स्थळ घेऊन आला. मुलगा शाळेवर शिक्षक. आधी त्याचा बाप आणि चुलता बघून जाणार, मग मुलगा येणार. नर्सिंगचा फॉर्म माझ्याकडं येऊन पडला होता, आणि मी तो घरच्यांना 'कळवत' होते. कसा, तर तो आरशाच्या मागं असा खोचायचा की कोपरा दिसावा. तेलाच्या डब्याखाली ठेवायचा. मायसमोर म्हणायचं, सिस्टर लोकांची साडी किती पांढरी असते नाही. माय म्हणायची, पांढऱ्यावर डाग लवकर दिसतो. त्यातून तिला काय सुचवायचं होतं ते मला कळत नव्हतं, आणि मला काय सुचवायचं होतं ते तिला. असे आम्ही धडधाकट लोक.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मावसा अण्णांना बाजूला घेऊन म्हणाला, तेवढं नानाला उद्या वावरात धाडा, विषय नको. अण्णांनी एवढंच सांगितलं, की ओसरी दोघांची आहे, तोही बसेल. मला अण्णांच्या सगळ्या थापा पाठ आहेत, पण हे बिनथापेचं वाक्यही पाठ आहे.

पाहुणे आले, जयभीम झाला, सतरंजी झटकली गेली. मायनं मुरमुऱ्यांची सुशीला केली होती, वर शेंगदाणे आणि लिंबू, आणि ओसरीभर फोडणीचा वास. अण्णांनी नानाची ओळख करून दिली: हा माझा भाऊ, याला डोक्याच्या दुखण्याचं औषध चालू आहे, आणि याची खोड एकच, हा खोटं बोलत नाही. मुलाचे वडील भारदस्त गृहस्थ, डोक्याला फेटा. त्यांना हे आवडलं. म्हणाले, आजकाल असं माणूस मिळत नाही. मी दाराआड ट्रे घेऊन उभी. पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, सोयाबीन झालं, आणि मग त्यांनी सुशीलेचा घास घेत सहज विचारलं, "मग, लेकीचे हात कधी पिवळे करायचा इचार हाय?"

अण्णा तोंड उघडणार एवढ्यात नाना म्हणाला, "ते झालं की. मागच्या म्हैन्यातच."

घास फेट्याखालीच थांबला. "झालं म्हंजे?"

"दोन्ही हात. मीच केले. दादा म्हणला होता."

"कुणाबराबर?" पाहुण्यांचा आवाज खाली आला होता.

नानानं बोटं मोजली. "तिघं होते. मी, अन् कामाला आल्याली दोघं."

मावशाला ठसका लागला. चुलत्यानं ताटली खाली ठेवली. मुलाचे वडील मात्र चौकशीला पक्के, त्यांनी अगदी हळू विचारलं, "अन् आता?"

"आता काही न्हाई राहिलं," नाना म्हणाला. "आठ दिवसांत उतरलं. साबण लावला ना तिनं."

"घरात कुणी काही म्हणलं न्हाई?"

"वैनी लई वरडली. पोलकं खराब झालं म्हणून."

दाराआड मी ट्रे खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. अण्णा उठून उभे राहिले आणि त्यांनी सगळं खरं सांगितलं: पिंप, भुगा, पाणी, कोपरापर्यंत. जन्मात पहिल्यांदा त्यांनी एक गोष्ट न वाढवता, न रंगवता, जशी घडली तशी सांगितली, आणि ती त्यांच्या सगळ्या थापांहून मोठी थाप वाटली. मिशा फुटलेल्या सापावर ज्यांनी विश्वास ठेवला असता ती माणसं या हळदीच्या भुग्यावर ठेवायला तयार नव्हती. फेटेवाले शांतपणे म्हणाले, तुमीच सांगितलं ना, की हा भाऊ खोटं बोलत न्हाई. आणि चपला घालून निघाले. मावसा त्यांच्यामागं धावला, आणि पुढं वर्षभर आमच्याकडं धावला नाही.

दिवे लागायची वेळ. माय चुलीपुढं बसून अब्रूबद्दल एकामागून एक म्हणी चुलीत घालत होती. तिचं चुकीचं नव्हतं. दोन दिवसांत ही गोष्ट हिंगोलीच्या स्टँडवर पोचणार होती, आणि तिथून पुढं एसटीच्या सगळ्या मार्गांनी. अण्णा ओसरीवर डोकं धरून बसले होते. सकाळीच पुसेगाव गाठायचं आणि कसंही करून स्थळ परत जोडायचं, असं त्यांचं ठरत होतं. नाना बंद पिंपाजवळ जाऊन बसला होता. काहीतरी बिघडलंय आणि ते आपल्यामुळं, एवढं त्याला चेहऱ्यांवरून कळलं होतं. तो उठून आला आणि अण्णांच्या समोर उभा राहिला.

"दादा, मी चुकलो का? तू म्हणला होतास, संगीचे हात पिवळे करू."

"न्हाई रे, तू न्हाई चुकला," अण्णा म्हणाले. "हात पिवळे करणं म्हंजे तिला उजवणं."

नानानं माझा उजवा हात पाहिला.

"म्हंजे तिच्यावर अक्षता टाकायच्या."

"तांदूळ?"

"म्हंजे तिला तिच्या घरी पाठवायचं."

"तिचं घर हेच हाय," नाना म्हणाला.

त्यांच्याकडं लग्नाला शंभर शब्द होते, आणि त्यातला एकही नानाला चालत नव्हता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, सोपं करून सांग म्हणून. मी मान हलवून नाही म्हटलं. हे भाषांतर त्यांचं त्यांनीच करायचं होतं. मग अण्णांनी एकेक शब्द विहिरीतून ओढावा तसा ओढून काढला. "संगीला पुसेगावला पाठवायचं. ती तिथं राहणार. इथं न्हाई राहणार. कायम."

"तिला जायचं हाय?"

अण्णा सतरंजीची घडी घालायला लागले.

"तू इचारलं का तिला?"

"न्हाई."

"काहून?"

चुलीपुढच्या म्हणी थांबल्या होत्या. अण्णा माझ्याकडं वळले. त्यांना विचारताना लाज वाटत होती हे मला दिसत होतं. आरसा, तेलाचा डबा, पांढरी साडी, सगळी सोंगं संपली होती. "संगे," ते म्हणाले, "तुला जायचं का?"

"न्हाई," मी म्हणाले. "मला नर्सिंगला जायचंय. लगीन आता नको."

"मग आधी काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी काहून न्हाई इचारलं?"

"गप बसा दोघं बी," माय म्हणाली. "भाकरी गार होऊन राहिल्या." आणि मग, सवयीप्रमाणं फिरवून बोलायला तिनं तोंड उघडलं, नानाकडं पाहिलं, आणि सरळ म्हणाली, "जाऊ द्या तिला. मला बी शिकायचं होतं. मला कुणी इचारलं न्हाई."

आम्ही जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही, आणि अन्न विसरणारी बाई मी नव्हे, यावरून ओळखा.

अण्णा सकाळी पुसेगावला गेलेच. स्थळ जोडायला नव्हे, माझ्या नावावर लागलेलं ते आठ दिवसांत उतरलेलं लग्न पुसायला. नानाला बरोबर नेलं. फेटेवाल्यांनी या खेपेला नानाला वेगळं विचारलं, की हात पिवळे कशानं केले, आणि नानानं शांतपणे सांगितलं, हळदीनं, दुसऱ्या कशानं होतात? म्हणतात, ते गृहस्थ हसता हसता फेटा सुटेपर्यंत हसले, आणि तो फेटा पुन्हा बांधायला दोन माणसं लागली. त्यांनी मोठ्या मनानं माफी मागितली, स्थळ अजून खुलं आहे असंही सांगितलं. अण्णा म्हणाले, पोरीला शिकायचंय, मी इचारलं तिला. आणि बोलण्याला फोडणी न घालता, हात जोडून परत आले. गोष्ट स्टँडवर पोचली ती फेटेवाल्यांच्याच तोंडून आणि हसतहसत पोचली. आमच्या घराला वर्षभर लोक 'पिवळ्या हाताचे' म्हणत होते, आणि त्यात कुणाच्याही अब्रूला धक्का नव्हता.

जूनमध्ये निकाल लागला, आणि पुढं मी वसतिगृहात गेले. तिथं पहिले पंधरा दिवस मी रोज उशीत तोंड खुपसून रडले, इतकी की खालच्या मजल्यावरच्या मुलींनी छत गळतंय अशी तक्रार केली. मला काळजी एकच होती, की घरी आता भाषांतर कोण करतं. एका दुपारी अण्णांचं पत्र आलं. मला वाटलं, आता दहा पानं साप निघणार. आंतरदेशीय पत्र होतं, आणि निम्मं कोरं. नाना शेजारी बसलेला असताना लिहिलेलं आहे हे पहिल्याच ओळीत कळत होतं. त्यात लिहिलं होतं:

'संगीस, आम्ही बरे आहोत. नाना गोळ्या घेतो. त्याला मी समजावून सांगतो, चुकलो तर तुझी माय सांगते. तुझी खूप आठवण येते असं लिहिलं होतं, पण नाना म्हणतो खूप म्हणजे किती ते लिही. म्हणून लिहितो. दिवसातून दोनदा येते. सकाळी उठल्यावर, अन् जेवायला बसल्यावर.'